चौदाव्या वर्षी लाल टोपी

नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात तिशियनचं एक मोठं चित्र आहे. पोप तिसरा पॉल खुर्चीत पोक काढून बसलाय. उजवीकडे धाकटा नातू ओत्तावियो कमरेत वाकून मुजरा करतोय आणि म्हातारा मान वळवून त्याच्याकडे रोखून बघतोय. खुर्चीमागे थोरला नातू उभा आहे, कार्डिनल अलेस्सांद्रो फार्नेझे. त्याचा एक हात आजोबांच्या खुर्चीच्या पाठीवर आहे आणि नजर चित्राबाहेर, थेट आपल्याकडे. टेबलावर वाळूचं घड्याळ. हे चित्र १५४६ चं. ते पुरं झालंच नाही. पोपचा हातही कच्चाच राहिलाय. अलेस्सांद्रो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि कार्डिनल होऊन त्याला अकरा वर्षं उलटून गेली होती.

या माणसाचं आयुष्य कळायचं तर माझ्या मते त्या वाळूच्या घड्याळापासून सुरुवात करावी. त्याच्या श्रीमंतीपासून किंवा चित्रसंग्रहापासून नको. पोपचं राज्य हे राज्यच होतं, पण गादी वंशाची नव्हती. कार्डिनल मतं देऊन पोप निवडत. निवडला जाणारा बहुधा म्हातारा असे आणि तो डोळे मिटतो न मिटतो तोच त्याच्या घराण्याची सत्ता संपे. राजाच्या मुलाला बापाचं सिंहासन मिळतं, पोपच्या माणसांना मात्र त्याच्या हयातीत हाती लागेल तेवढंच. १३ ऑक्टोबर १५३४ रोजी थोरला अलेस्सांद्रो फार्नेझे तिसरा पॉल म्हणून निवडला गेला, तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा होता. तो आणखी पंधरा वर्षं जगेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून सगळी घाई.

१८ डिसेंबर १५३४ ला, निवडीनंतर सव्वादोन महिन्यांत, त्याने दोन नातवांना कार्डिनल केलं. एक मुलाचा मुलगा अलेस्सांद्रो, नुकताच चौदा पूर्ण झालेला. दुसरा मुलीचा मुलगा ग्विदो आस्कानियो स्फोर्झा, वय सोळा. आपण मराठीत नातू, पुतण्या आणि भाचा अशी तीन नाती तीन शब्दांनी ओळखतो. लॅटिनमध्ये ‘नेपोस’ आणि इटालियनमध्ये ‘निपोते’ या एकाच शब्दात ती सगळी मावतात. नेपोटिझम हा शब्द तिथून आला. त्यामुळे इतिहासात ‘पोपचा पुतण्या’ असं वाचलं की तो खरोखर कोण होता हे दरवेळी तपासावं लागतं. अलेस्सांद्रोच्या बाबतीत काही लपवाछपवी नव्हती. आजोबांना पाद्री होण्याआधी मुलं झाली होती आणि पियेर लुईजी हा त्यातला मुलगा, अलेस्सांद्रोचा बाप.

याच दोन महिन्यांतली आणखी एक तारीख आपल्या जवळची आहे. ३ नोव्हेंबर १५३४ रोजी याच पोपने गोव्याला स्वतंत्र बिशपचं पीठ देणारा फर्मानवजा आदेश काढला. निवड, गोव्याचं पीठ आणि नातवाची टोपी, तिन्ही एकाच हिवाळ्याच्या तोंडावर. एकाच माणसाच्या टेबलावर जगाचा कारभार आणि घरचा कारभार असे शेजारी शेजारी होते आणि त्या काळात त्यात कोणाला विशेष विसंगतीही वाटत नव्हती.

चौदा वर्षांचा मुलगा कार्डिनल होतो म्हणजे नेमकं काय होतं? पोप कार्डिनलांच्या सभेत नाव जाहीर करतो आणि लाल टोपी देतो. मग एक विधी असे, तोंड बंद करण्याचा. नव्या कार्डिनलने सभेत बोलायचं नाही आणि मत द्यायचं नाही. काही दिवसांनी पोप त्याचं ‘तोंड उघडतो’, अंगठी देतो आणि रोममधलं एक चर्च त्याच्या नावावर करतो. कार्डिनलांच्या तीन पायऱ्या असत: बिशप, प्रीस्ट आणि डीकन. पण ही नावं ऐकून फसायला होतं. डीकन-कार्डिनलला धर्मदीक्षेची वरची पायरी चढावीच लागे असं नाही. अलेस्सांद्रोला प्रीस्टची दीक्षा मिळाली १५६४ मध्ये. तीस वर्षं तो चर्चचा राजपुत्र होता, पण मिस्सा अर्पण करायचा अधिकार त्याला नव्हता.

खरा कारभार पुढच्या वर्षी त्याच्या हाती आला. ऑगस्ट १५३५ मध्ये कार्डिनल इप्पोलितो दे मेदिची चोविसाव्या वर्षी वारला. तो सातव्या क्लेमेंट पोपचा नातलग आणि चर्चचा व्हाइस-चान्सलर. ते पद लगेच अलेस्सांद्रोकडे आलं. हे पद मानापुरतं नव्हतं. पोपचा प्रत्येक मोठा आदेश या कचेरीत चर्मपत्रावर लिहिला जाई, त्याला शिशाची मोहर लागे आणि प्रत्येक कागदामागे शुल्क असे. पद तहहयात होतं, म्हणजे पोप बदलला तरी हे कोणाला काढून घेता येत नव्हतं. नातवासाठी हेच पद का, याचं उत्तर त्या एका शब्दात आहे. पदाबरोबर राहायला वाडाही मिळाला, रोमचा पालाझ्झो देल्ला कान्चेल्लेरिया. तो बांधवून घेतला होता राफाएले रियारियो याने. तोही एका पोपचा नातलग आणि तोही सोळाव्या वर्षी कार्डिनल झालेला. आपल्याविरुद्धच्या १५१७ च्या कटानंतर दहाव्या लिओ पोपने तो वाडा त्याच्याकडून काढून घेतला होता. पोपच्या एका आप्ताकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असा हा वाडा फिरत आला होता. अलेस्सांद्रोने ते पद मरेपर्यंत सोडलं नाही, म्हणजे जवळजवळ चोपन्न वर्षं.

उत्पन्नाचा मोठा भाग यायचा तो धर्मवृत्तींतून. आपल्याकडे वतन कसं चालायचं हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे लवकर समजेल. एखाद्या बिशपपीठाला किंवा मठाला जमिनी, दशमांश, भाडी असं स्वतःचं उत्पन्न असे. ते पीठ ‘कोम्मेंदा’ म्हणून एखाद्याला दिलं की उत्पन्न त्याचं. तिथे जाऊन राहायचं बंधन नाही. रोजच्या कामाला पगारी माणूस नेमायचा, त्याचा पगार द्यायचा आणि उरलेलं रोमला मागवायचं. अलेस्सांद्रोकडे पार्मा आलं, मग स्पेनमधलं हाएन, फ्रान्सच्या बाजूला आविन्यों, सिसिलीत मोनरेआले. पार्माचं पीठ तर आजोबांनीच पोप होईपर्यंत सांभाळलेलं होतं आणि पुढल्या वर्षी ते दुसऱ्या नातवाकडे, ग्विदो आस्कानियोकडे गेलं. पद सोडतानाही एक युक्ती होती. पीठ दुसऱ्याच्या नावावर करायचं, पण त्यावर आपला वार्षिक तनखा ठेवायचा. शिवाय तो माणूस मेला किंवा सोडून गेला तर पीठ परत आपल्याकडे येईल अशी अट घालायची. या परतीच्या हक्कामुळे एकच पीठ त्याच घरात दोनदा यायचं. आविन्यों अलेस्सांद्रोने सोडलं आणि नऊ वर्षांनी पुन्हा घेतलं.

या व्यवस्थेचं दुखणंही तिच्यातच होतं. जमीन ज्या राजाच्या राज्यात, त्याची मर्जी गेली की उत्पन्न थांबलं. मोनरेआले सम्राट पाचव्या चार्ल्सच्या मुलखात होतं. फार्नेझे घराणं फ्रान्सच्या बाजूला झुकताच सम्राटाने ते उत्पन्न अडकवलं. रोममधल्या कार्डिनलला मग सावकाराकडे जाणं भाग होतं. शेकड्यांनी पोसलेली माणसं, कवी, चित्रकार, घोडे, शिकारी कुत्रे, हे सगळं अशा उत्पन्नावर उभं होतं जे दुसऱ्याच्या रागालोभावर अवलंबून होतं.

तिशियनच्या चित्राकडे पुन्हा बघताना मला नेहमी एक गोष्ट आठवते. तिशियन रोमला आला तो १५४५ च्या शरदात. पोपच्या घराण्याचं काम करायचं हे खरंच, पण त्याला आपल्या मुलासाठी, पोम्पोनियोसाठी, सान पियेत्रो इन कोल्ले ही मठाची वृत्ती हवी होती. म्हणजे नातवांवरच्या मायेचं चित्र काढणारा बापही आपल्या लेकराची सोय लावायलाच आलेला होता. ती वृत्ती हाती न लागताच त्याने रोम सोडलं.

घाईची खूण कान्चेल्लेरियाच्या वाड्यात आजही भिंतीवर दिसते. १५४६ मध्ये कार्डिनलने तिथलं मोठं दालन जोर्जो वासारीला रंगवायला दिलं. विषय आजोबांचा पराक्रम. अट वेळेची. वासारीने मदतनिसांची फौज लावली आणि शंभर दिवसांत काम संपवलं, म्हणून ते ‘शंभर दिवसांचं दालन’. मायकेलँजेलोला हा आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला, ‘ते दिसतंच आहे.’ ही आख्यायिका असेलही, पण दालन बघितल्यावर ती पटते. आकृत्या गर्दीने उभ्या आहेत आणि चेहऱ्यांवर एकाच साच्याचा ठसा आहे. ओल्या गिलाव्यावरच्या चित्रात रोज सकाळी तेवढाच तुकडा लिंपायचा असतो जेवढा संध्याकाळपर्यंत रंगवून होईल, कारण चुना सुकला की रंग आत मुरत नाही. शंभर दिवस म्हणजे जेमतेम शंभर तुकडे एका हाताला. म्हणूनच इतके हात लागले आणि म्हणूनच कोणाचाच हात धड ओळखू येत नाही. हे काम शंभर महिने घेऊन स्वतःच्या हाताने केलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे वासारीनेच लिहून ठेवलं. त्याच वर्षी त्याच कार्डिनलसाठी जूलियो क्लोवियोने एक छोटं प्रार्थनेचं पुस्तक पुरं केलं. त्याला लागली होती नऊ वर्षं. पान तळहाताहून थोडंच मोठं, आणि त्यात सूक्ष्म कुंचल्याने रंगवलेली अख्खी दृश्यं. एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही कामं करवून घेतली हे मला फार बोलकं वाटतं. भिंत लोकांना दाखवायला होती, तिला मुदत होती. पुस्तक त्याच्या स्वतःच्या हातात राहणार होतं.

१५४५ मध्ये पोपने पार्मा आणि पियाचेंझा ही शहरं चर्चच्या राज्यातून काढून पियेर लुईजीला दिली आणि बदल्यात कामेरिनो आणि नेपी ही छोटी ठाणी चर्चला परत केली. हा व्यवहार उघड तोट्याचा होता आणि कार्डिनलांत कुरबुर झाली. १० सप्टेंबर १५४७ रोजी पियाचेंझात पियेर लुईजीचा खून झाला. कट सरदारांचा होता आणि त्याला सम्राटाच्या मिलानमधल्या सुभेदाराची फूस होती. खून झालेल्याचा मुलगा ओत्तावियो हा सम्राटाच्या मुलीचा, मार्गारेटचा, नवरा. एवढी सोयरीक असूनही शहर गेलं. मग पोपने ठरवलं की निदान पार्मा तरी चर्चच्या नावावर परत घ्यायचं, म्हणजे सम्राटाला हात घालता येणार नाही. ओत्तावियोने आजोबांविरुद्धच बंड केलं आणि अलेस्सांद्रोचं आतून धाकट्या भावाला बळ होतं. म्हाताऱ्याला हे कळलं तेव्हा त्याने रागाच्या भरात कार्डिनलच्या डोक्यावरची टोपी हिसकावून फेकली, असं सांगतात. थोड्याच दिवसांत, १० नोव्हेंबर १५४९ रोजी, तो गेला. वाळूच्या घड्याळासमोर बसलेला म्हातारा, मुजरा करणारा एक नातू आणि खुर्चीवर हात ठेवलेला दुसरा: तिशियनने हे तीन वर्षं आधीच पाहिलं होतं असं म्हणावंसं वाटतं.

अलेस्सांद्रो तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. घाईची पंधरा वर्षं संपली. पुढची चाळीस वर्षं वाट बघण्याची.

पोप होण्यासाठी दोनतृतीयांश मतं लागतात. आजोबांनी नेमलेले कार्डिनल अजून बहुसंख्य होते आणि ते फार्नेझे गटाचे मानले जात, म्हणून पहिली निवड तो घडवू शकत होता. त्याने इंग्लंडच्या कार्डिनल रेजिनाल्ड पोलला पुढे केलं. रात्रीच सगळ्यांनी एकदम वंदन करून त्याला पोप मानून टाकावं अशी तयारी होती. पोल म्हणाला, सकाळी रीतसर मतदान होऊ दे. सकाळी अगदी थोडी मतं कमी पडली आणि कॉन्क्लेव्ह, म्हणजे पोप निवडणारी कार्डिनलांची बंद दाराआडची सभा, फेब्रुवारी १५५० पर्यंत रेंगाळली. अलेस्सांद्रोच्या हयातीत आजोबांनंतर सात पोप झाले. त्यातले पहिले चारही, तिसरा ज्यूलियस, दुसरा मार्चेल्लस, चौथा पॉल आणि चौथा पायस, त्याच्या आजोबांनीच कार्डिनल केलेले. दुसरा मार्चेल्लस म्हणजे मार्चेल्लो चेर्विनी. पोरवयाच्या अलेस्सांद्रोला कारभार शिकवायला, दूत म्हणून राजांकडे जाताना सोबत राहायला आजोबांनी दिलेला माणूस. तो पोप झाला आणि बावीस दिवसांत वारला. ज्याला बोट धरून चालवायला तो नेमला होता, तो मात्र कार्डिनलच राहिला.

का नाही झाला? कुवत कमी होती असं मला वाटत नाही. त्याचं बळ हीच त्याची अडचण होती. ज्या घराण्याच्या हातात आधीच एक राज्य आहे, त्यातला माणूस पोप झाला तर पुढची वीस वर्षं काय होईल हे प्रत्येक कार्डिनलला कळत होतं. पहिल्या चार निवडणुकांत तो तरुण होता, आणि तरुण पोप म्हणजे इतरांची आशा कायमची संपली. फ्लॉरेन्सचे मेदिची विरोधात होते. १५७२ मध्ये तो एक्कावन्न वर्षांचा होता, वय जुळलं होतं, मतंही जमत होती. तेवढ्यात नेपल्सहून कार्डिनल ग्रानव्हेल आला आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचा निरोप त्याने खासगीत कानावर घातला: राजाला हे मान्य नाही. अलेस्सांद्रोने माघार घेतली आणि बोनकोम्पान्यीला मतं दिली. तो तेरावा ग्रेगरी झाला. आपण आज वापरतो ते कॅलेंडर त्याच्या नावाचं आहे.

या चाळीस वर्षांत त्याने बांधकामं केली. रोमच्या उत्तरेला काप्रारोला गावी घराण्याच्या जुन्या किल्ल्याचा पंचकोनी पाया पडून होता. १५५९ पासून वास्तुकार विन्योलाने त्यावर वाडा चढवला: बाहेरून पाच बाजू, आत गोल चौक. गाड्या थेट तळघरात येत आणि पाहुणा ऊन-पावसाशिवाय उतरून जोडखांबांच्या गोल जिन्याने वर जाई. एका दालनाच्या भिंती घराण्याच्या कर्तबगारीने भरल्यात. एका चित्रात सम्राट, फ्रान्सचा राजा आणि कोवळा कार्डिनल पॅरिसमध्ये शिरताहेत, वर छत धरलंय. त्या छताचे दांडे धरणाऱ्यांत चित्रकार ताद्देओ झुक्कारोने स्वतःला आणि भावांना रंगवलंय. निजायच्या खोलीच्या छतासाठी कार्डिनलच्या पदरचा कवी आन्निबाले कारो याने १५६२ मध्ये चित्रकाराला लांबलचक पत्र लिहिलं: पहाट कुठे, रात्र कुठे, झोप कोणत्या रूपात, कोणाच्या अंगावर कोणत्या रंगाचं वस्त्र. नकाशांच्या दालनात खंडांचे वेगवेगळे नकाशे आहेत, त्यात आशियाचाही. पोप होऊ न शकलेल्या माणसाने अख्खं जग भिंतीवर मांडून ठेवलंय.

पण माझा जीव गुंततो तो रोमच्या जेझू चर्चमध्ये. जेझुइट पंथाला मान्यता दिली ती आजोबांनी, २७ सप्टेंबर १५४० रोजी. पंथाला रोममध्ये धड चर्च नव्हतं. नातवाने खर्च उचलला आणि १५६८ मध्ये पायाभरणी झाली. त्यावेळी पंथाचा प्रमुख होता फ्रान्सिस बोर्जा, सहाव्या अलेक्झांडर पोपचा पणतू. याच अलेक्झांडर पोपने १४९३ मध्ये फार्नेझे आजोबांना कार्डिनल केलं होतं, आणि त्यांची बहीण जूलिया पोपच्या मर्जीतली म्हणून ती टोपी मिळाली असं सारं रोम म्हणत होतं. पंचाहत्तर वर्षांनी एकाचा पणतू आणि दुसऱ्याचा नातू एका चर्चच्या पायाशी उभे होते. बोर्जाने सरदारकी सोडून पंथात प्रवेश केला होता. फार्नेझेने काहीच सोडलं नव्हतं, तो फक्त देत होता.

त्याने ऑगस्ट १५६८ मध्ये विन्योलाला लिहिलेलं पत्र उरलंय आणि ते वाचताना माणूस समोर येतो. खर्च पंचवीस हजार स्कूदींच्या (स्कूदो हे तेव्हाचं नाणं) पुढे जाता कामा नये. लांबी, रुंदी, उंची यांचं प्रमाण नीट हवं. मधलं एकच रुंद दालन, बाजूंना ओळीने छोटी प्रार्थनालयं. शेजारी शेजारी तीन दालनांचं जुन्या धर्तीचं चर्च नको. वर कमानदार छत हवं. तोंड रस्त्याकडे. जेझुइटांना लाकडी सपाट छत हवं होतं, कारण त्यांचा सगळा भर प्रवचनावर, आणि दगडी कमानीखाली आवाज घुमतो, शब्द एकमेकांत मिसळतात. कार्डिनलचं म्हणणं, एवढं काही घुमणार नाही, याहून मोठ्या कमानींच्या चर्चमध्येही तसा त्रास नाही. पैसे त्याचे, कमान झाली. दर्शनी भागाचा विन्योलाचा आराखडा मात्र त्याने बाजूला ठेवला आणि १५७१ मध्ये जाकोमो देल्ला पोर्ताचा घेतला. त्या दर्शनी भागावर दगडात मोठ्या अक्षरांत कार्डिनल अलेस्सांद्रो फार्नेझेचं नाव आहे, व्हाइस-चान्सलर हे पद आहे आणि १५७५ हे साल.

याच चर्चच्या उजव्या हाताला एक वेदी आहे, तिथे गोव्याहून १६१४ मध्ये कापून आणलेला फ्रान्सिस झेवियरचा उजवा हात ठेवलाय. बाकीचा बहुतेक देह ओल्ड गोव्याच्या बॉम जीझसमध्ये. जुन्या गोव्यात त्या चांदीच्या पेटीपुढे उभं राहिलेल्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं की त्या देहाचा एक तुकडा एका पोपच्या नातवाने बांधलेल्या छताखाली आहे.

ट्रेंटच्या धर्मसभेनंतर जुनी पद्धत चालणं अवघड झालं. एका माणसाकडे अनेक पीठं नकोत, बिशपने आपल्या पीठात राहावं, असे नियम झाले. त्याने एकेक पीठ सोडलं, मोनरेआले १५७३ मध्ये. १५८० मध्ये तो कार्डिनल मंडळाचा डीन, म्हणजे प्रमुख, झाला. त्याला क्लेलिया नावाची मुलगी होती आणि तो तिला लपवत नसे. आपला वाडा, आपलं चर्च आणि आपली लेक यांना जोड नाही असं तो म्हणायचा, अशी रोममध्ये बोलवा होती.

१५८५ मध्ये शेवटची संधी आली. तो चौसष्टचा, रोममधला सगळ्यात मोठा कार्डिनल. निवडला गेला फेलिचे पेरेत्ती, गरीब घरचा, फ्रान्सिस्कन पंथाचा साधू. तो पाचवा सिक्स्टस झाला. २४ एप्रिलला निवड झाली आणि १३ मे ला, एकोणीस दिवसांत, नव्या पोपने आपल्या बहिणीच्या नातवाला कार्डिनल केलं. वय चौदा.

२ मार्च १५८९ रोजी अलेस्सांद्रो फार्नेझे वारला. जेझूच्या मुख्य वेदीसमोर त्याला पुरलं. व्हाइस-चान्सलरचं पद आणि कान्चेल्लेरियाचा वाडा त्याच वर्षी त्या मुलाकडे गेला. त्याचंही नाव अलेस्सांद्रो.